शब्द आपले, अब्रू दुसऱ्याची

रमजान जवळ आला की घरोघरी मोबाइलवर मदतीच्या आवाहनांची रीघ लागते. कुठे यतीम मुलांच्या शिक्षणासाठी, कुठे डायलिसिसच्या रुग्णांसाठी, कुठे विधवांच्या घरी रेशन पोहोचवण्यासाठी. काही आवाहने आपण पुढे पाठवतो, काहींकडे पाहून न पाहिल्यासारखे करतो. पण तो मजकूर कोणीतरी बसून, विचार करून लिहिलेला असतो, हे सहसा आपल्या मनात येत नाही. दवाखान्यातले मधुमेहाचे पत्रक, कर्णबधिर मुलांच्या शाळेचा वार्षिक अहवाल, संगीतसभेची निमंत्रणपत्रिका यांच्यामागेही असाच एखादा लिहिणारा हात असतो. या कामाला कॉपीरायटिंग म्हणतात.

आम्ही दोघी नणंद-भावजय मिरजेत काही वर्षांपासून हे काम करतो. आमची कुठे नोकरी नाही. ज्या संस्थेचे काम येईल ते घ्यायचे, घरची कामे सांभाळून लिहून द्यायचे आणि त्याचा मेहनताना घ्यायचा. साबण, सोने किंवा फ्लॅटच्या जाहिराती आम्ही लिहीत नाही. आमच्याकडे येतात ते सेवाभावी ट्रस्ट, दवाखाने, दिव्यांगांसाठी काम करणाऱ्या संस्था आणि कलाकार. आपल्या मुली-बहिणींपैकी अनेकींना जमेल असे हे काम आहे. म्हणून ते कसे चालते आणि त्यात काय जपावे लागते, हे वाचकांपुढे ठेवत आहोत.

अशा कामासाठी मिरज हे गाव सोयीचे आहे. डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये येथे रुग्णालय सुरू केले आणि पुढे हे गाव दवाखान्यांचे गाव म्हणून नावारूपाला आले. आजही बेळगाव-विजयपूरकडून रुग्ण येतात. ओपीडीच्या बाकावर मराठी, कन्नड आणि दखनी उर्दू शेजारी शेजारी बसलेल्या असतात. दुसरीकडे हेच गाव सतार-तंबोऱ्याच्या कारागिरांचे. त्यामुळे आरोग्य, सेवा आणि कला या तिन्ही क्षेत्रांतले काम आमच्या उंबऱ्याशी आहे.

आधी प्रश्न, मग लेखणी

ट्रस्टचे लोक येतात आणि म्हणतात, “आपा, दोन ओळी चांगल्या लिहून द्या. वाचणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी आले पाहिजे.” आम्ही आधी वही उघडतो आणि विचारतो. पैसे नेमके कशासाठी हवेत? किती हवेत? ते कुणाच्या खात्यात जाणार? खर्च झाल्यावर देणगीदाराला कळणार कसे? या प्रश्नांची उत्तरे नसतील तर डोळ्यांत पाणी आणणारा मजकूर लिहून उपयोग नसतो.

जकातीच्या आवाहनात ही खबरदारी आणखी वाढते. सूरह तौबाच्या ६० व्या आयतीत जकातीचे आठ हक्कदार सांगितले आहेत. इमारत बांधणे, दुरुस्ती किंवा नोकरांचे पगार यांसाठी जकात वापरता येत नाही, असे बहुसंख्य उलेमांचे मत आहे. तरीही “जकात, सदका, इमदाद सर्व स्वीकारले जाईल” अशी एकच ओळ लिहून मोकळे होणारे ट्रस्ट पुष्कळ आहेत. आम्ही विचारतो, जकातीचा हिशेब वेगळा ठेवता का? ठेवत असतील तर तसे स्पष्ट लिहितो. नसतील तर आवाहनात जकात हा शब्द घालत नाही. देणाऱ्याचे फर्ज अदा होणार की नाही, हे त्या एका शब्दावर अवलंबून असते.

आयकराच्या सवलतीचेही तसेच. ज्याला सर्वजण ‘८०जी’ म्हणतात ती सवलत ट्रस्टकडे मान्यता असेल तरच मिळते. ती असली तरी २,००० रुपयांपेक्षा जास्त रोख देणगीवर मिळत नाही आणि नव्या करपद्धतीत विवरण भरणाऱ्यालाही मिळत नाही. “देणगी करमुक्त” असे मोघम लिहिणे म्हणजे वाचणाऱ्याची फसवणूक.

परदेशातल्या नातलगांना आवाहन पाठवायचे असेल तर आणखी एक गोष्ट तपासावी लागते. सौदी किंवा दुबईत नोकरी करणारा, भारतीय पासपोर्ट असलेला आपला भाऊ स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत पैसे पाठवत असेल, तर ती परकीय देणगी धरली जात नाही. पण ज्याने दुसऱ्या देशाचे नागरिकत्व घेतले आहे, त्याची देणगी परकीय ठरते. ती घेण्यासाठी संस्थेला २०१० च्या परकीय योगदान कायद्याखाली नोंदणी किंवा परवानगी लागते. “जगभरातून मदत पाठवा” ही ओळ लिहायला दहा सेकंद पुरतात. तिच्यामुळे एखादा लहान ट्रस्ट कायद्याच्या कचाट्यात सापडू शकतो.

गरजूचा चेहरा

या कामातला सर्वांत अवघड प्रश्न अब्रूचा आहे.

एका रमजानमध्ये एका ट्रस्टने आम्हाला आवाहन लिहायला सांगितले. सोबत त्यांचाच कच्चा मजकूर होता. नवरा गेला, तीन लेकरे उपाशी, ही अबला आसवे गाळत तुमच्या दाराशी उभी आहे, अशा थाटाचा. त्याखाली त्या बाईंचे नाव, मोहल्ला आणि मुलांसह फोटो. आम्ही त्या बाईंना भेटायला गेलो. त्या कुणाच्या दाराशी उभ्या नव्हत्या. मशीनवर शिलाई करत होत्या. भाडे आणि किराणा त्या स्वतः भागवत होत्या. अडले होते ते थोरल्या मुलीच्या शिक्षणापाशी. आम्ही असा मजकूर लिहिला:

“शिवणकाम करून एक आई तीन मुलांचे घर चालवते. भाडे आणि किराणा ती स्वतः भागवते. थोरली मुलगी बारावी उत्तीर्ण झाली असून तिला नर्सिंगला प्रवेश मिळाला आहे. पहिल्या वर्षाच्या फीमध्ये चाळीस हजार रुपये कमी पडत आहेत. रक्कम थेट कॉलेजच्या खात्यात भरली जाईल आणि पावतीची प्रत प्रत्येक देणगीदाराला मिळेल.”

नाव नाही, मोहल्ला नाही, फोटो नाही. ट्रस्टला हे पटले नाही. “असे कोरडे लिहिले तर पैसे कोण देणार?” असे ते म्हणाले. फोटो घालणार असाल तर मजकूर आमचा नको, असे सांगून आम्ही ते काम सोडले. ऐन रमजानमध्ये ठरलेला मेहनताना गेला आणि तो आम्हाला जड गेला, हे लपवण्यात अर्थ नाही.

ट्रस्टवाल्यांची बाजूही समजून घेतली पाहिजे. रडणाऱ्या चेहऱ्यावर पैसे लवकर जमतात, हा त्यांचा अनुभव खोटा नाही. रुग्णालयाचे बिल उद्या भरायचे असेल तर ‘लवकर’ या शब्दाला मोल असते. पण फोटो एकदा फिरू लागला की तो परत बोलावता येत नाही. ती मुलगी उद्या नर्स होईल, तिचे लग्न ठरेल, तेव्हाही तो कुणाच्या ना कुणाच्या मोबाइलमध्ये असेल. चाळीस हजारांची गरज एका वर्षाची, फोटो मात्र आयुष्यभराचा.

“पण त्यांनी परवानगी दिली आहे,” असेही सांगितले जाते. ज्याच्या हातात आपले औषध किंवा लेकराची फी आहे, त्याला ‘नाही’ म्हणणे किती जणांना जमेल? म्हणून आम्ही परवानगी ट्रस्टच्या माणसासमोर विचारत नाही, एकट्याने विचारतो. आणि नकार दिला तरी मदत थांबणार नाही, हे ट्रस्टकडून आधी वदवून घेतो.

कुरआनने या बाबतीत वाट दाखवली आहे. उपकार बोलून दाखवून आणि मन दुखावून सदका वाया घालवू नका, अशी ताकीद सूरह बकराच्या २६४ व्या आयतीत आहे. त्याच सूरहच्या २७३ व्या आयतीत अशा गरजूंचा उल्लेख आहे, जे स्वाभिमानामुळे कुणापुढे हात पसरत नाहीत आणि अजाण माणसाला खाऊनपिऊन सुखी वाटतात. अशा माणसाची गरज मांडताना त्याचा तो स्वाभिमान लेखणीने हिरावून घ्यायचा नाही, एवढे तरी आम्हाला कळले पाहिजे.

दिव्यांगांविषयी लिहिताना

आमच्याकडे येणाऱ्या कच्च्या मजकुरात ‘बिचारा’, ‘दुर्दैवी’, ‘शापित’, ‘व्हीलचेअरला जखडलेला’ हे शब्द हमखास असतात. व्हीलचेअर माणसाला जखडत नाही, ती त्याला घराबाहेर नेते. दिव्यांगांच्या चळवळीचे जगभर एक सूत्र आहे: आमच्याविषयीचे काहीही आमच्याशिवाय नको. लिहिणाऱ्यालाही ते लागू आहे.

२०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने दिव्यांगत्वाचे २१ प्रकार मान्य केले. १९९५ च्या जुन्या कायद्यात ते ७ होते. थॅलेसेमिया, सिकलसेल, ॲसिड हल्ल्यातील जखमा हेही आता त्यात आहेत. दिव्यांग व्यक्तीचा लोकांसमोर हेतुपुरस्सर अपमान करणे हा या कायद्याने गुन्हा आहे. जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चित्रपटांतील दिव्यांगांच्या चित्रणाबाबत निकाल देताना हिणवणारे शब्द टाळण्यास सांगितले. म्हणजे हा प्रश्न केवळ शिष्टाचाराचा राहिलेला नाही.

शब्दांइतकाच महत्त्वाचा प्रश्न अक्षरांचा आहे. अंध व्यक्ती मोबाइल किंवा संगणकावर स्क्रीन रीडरच्या मदतीने मजकूर ऐकते. आपल्याकडचे बरेच छापखाने अजून जुन्या मराठी फॉन्टमध्ये टाइप करतात. पडद्यावर ते मराठी दिसते, पण आत संगणकासाठी ती निराळीच अक्षरे असतात. स्क्रीन रीडर ती वाचू लागला की निरर्थक आवाज ऐकू येतात. युनिकोडमध्ये टाइप केले की तोच मजकूर नीट वाचला जातो. शुभेच्छांचे किंवा सूचनांचे चित्र बनवून पाठवले, तर चित्रातली अक्षरे अनेकदा ऐकू येतच नाहीत. म्हणून चित्राखाली तोच मजकूर साध्या अक्षरांत लिहावा. अंधांसाठीच्या शिबिराचे निमंत्रण अंधांनाच वाचता येऊ नये, याला काय म्हणावे? कर्णबधिर वाचकांपैकी अनेकांची पहिली भाषा खुणांची असते, मराठी ही त्यांची दुसरी भाषा. त्यांच्यासाठी आम्ही वाक्ये आखूड ठेवतो आणि म्हणी टाळतो.

हजरत अब्दुल्लाह इब्न उम्मे मक्तूम (रजि.) अंध होते. ते मदीनेत अजान देत आणि प्रेषित मुहम्मद (स.) प्रवासाला निघाल्यावर अनेकदा मदीनेची जबाबदारी त्यांच्यावर सोपवली गेली. सूरह अबस त्यांच्याच निमित्ताने अवतरली. त्यांना कीव मिळाली नाही, काम आणि मान मिळाला. दिव्यांगांविषयी लिहायला बसताना हे उदाहरण आम्ही डोळ्यांसमोर ठेवतो.

आरोग्याचा मजकूर: चूक जिवावर बेतते

आवाहनात शब्द चुकला तर अब्रू जाते, औषधाच्या पत्रकात चुकला तर जीव जाऊ शकतो. म्हणून दवाखान्याच्या कामात आमचा नियम असा की डॉक्टरांनी प्रत्येक ओळ वाचून सही केल्याशिवाय मजकूर छपाईला जाणार नाही.

मधुमेही रोजेदारांसाठी आम्ही एक पत्रक लिहिले. डॉक्टरांनी दिलेला कागद इंग्रजीत आणि आकड्यांनी भरलेला होता. घरातल्या आजीला कळायला हवे होते ते एवढेच: रमजानच्या आधीच डॉक्टरांना भेटा आणि गोळ्या किंवा इन्सुलिनच्या वेळा बदलून घ्या. रोजात साखर तपासा. साखर ७० च्या खाली किंवा ३०० च्या वर गेली, तर रोजा लगेच सोडा. एक शंका उरतच होती: बोटातून रक्त काढले तर रोजा तुटतो का? ही शंका डॉक्टरांच्या कागदात नव्हती, पण रुग्णांच्या मनात होती. ती न मिटवता पत्रक वाटले असते तर कुणी साखर तपासलीच नसती. आम्ही मौलाना साहेबांना विचारले. तपासणीने रोजा तुटत नाही, असे बहुसंख्य उलेमांचे मत त्यांनी सांगितले आणि ते आम्ही पत्रकात पहिल्या पानावर घातले.

पोलिओ मोहिमेने देशाला हाच धडा दिला. उत्तर प्रदेशाच्या पश्चिम भागात या थेंबांमुळे मुले पुढे निर्बीज होतील, अशी अफवा पसरली आणि अनेक मुस्लिम घरांची दारे बंद झाली. नुसते फलक वाढवून ती उघडली नाहीत. मशिदींचे इमाम, उलेमा, अलिगढ मुस्लिम विद्यापीठ आणि जामिया मिल्लियासारख्या संस्था सोबत आल्या, ओळखीच्या तोंडून नेमक्या शंकेचे उत्तर मिळाले, तेव्हा ती उघडली. देशातला शेवटचा पोलिओ रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी आढळला आणि २७ मार्च २०१४ रोजी भारत पोलिओमुक्त जाहीर झाला.

आरोग्याच्या मजकुरात हक्कांची माहितीही द्यावी. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल तर थुंकीची तपासणी करून घ्या, एवढे सांगून क्षयाचे पत्रक संपत नाही. सरकारी औषध मोफत आहे आणि उपचार चालू असेपर्यंत पोषणासाठी दरमहा १,००० रुपये खात्यात मिळतात, हेही सांगायला हवे. धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखीव असतात. मुंबई उच्च न्यायालयाच्या २००६ च्या आदेशानुसार ही योजना महाराष्ट्रात लागू आहे. कितीतरी कुटुंबे याची माहिती नसल्यामुळे दागिने मोडतात.

आणि काही कामे हात न लावता परत करावी लागतात. मधुमेह मुळापासून बरा करण्याच्या हमीचे पत्रक लिहून द्या, म्हणून आमच्याकडे माणूस आला. पैसेही तो चांगले देत होता. १९५४ च्या औषध व जादुई उपचार कायद्याने मधुमेह, कर्करोग, अपस्मार यांसारखे आजार बरे करण्याच्या औषधी जाहिरातींना मनाई केली आहे. पण कायदा नसता तरी आमचे उत्तर तेच असते. त्या पत्रकावर विश्वास ठेवून कुणी इन्सुलिन थांबवले तर त्याचा जाब आम्ही कुठे देणार?

कलावंताचे नाव

मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ याच गावात राहिले आणि १९३७ मध्ये त्यांचे निधन झाल्यावर येथे त्यांच्या स्मृतीप्रीत्यर्थ संगीतसभा होऊ लागली. अशा सभांची निमंत्रणे आणि वाद्यांच्या माहितीपुस्तिका लिहिताना एक गोष्ट लक्षात आली. वादकाचे नाव ठळक असते, वाद्य घडवणाऱ्याचे नसते. पंढरपूरकडचा भोपळा निवडणारा, तो सुकवणारा, जवारी लावून स्वर जागा करणारा कारागीर बिननावाचा राहतो. ‘सुरांची स्वर्गीय अनुभूती’ अशी विशेषणे आम्ही खोडतो आणि त्या जागी कारागिराचे नाव घालतो.

वाचकांना यात विसंगती वाटेल. विधवेचे नाव गाळता आणि कारागिराचे घालता? दोन्हींमागे विचार एकच आहे. गरज ही झाकण्याची गोष्ट आहे, हुनर ही सांगण्याची.

मेहनतान्याविषयी

“सवाबचे काम आहे, पैसे कसले घेता?” हा प्रश्न आम्हाला ऐकावा लागतो. छापखान्याला, मंडपवाल्याला हा प्रश्न कुणी विचारत नाही. मजुराची मजुरी त्याचा घाम सुकण्याआधी द्यावी, ही शिकवण लिहिणाऱ्यालाही लागू आहे. आम्ही वर्षातून दोन कामे ट्रस्टसाठी विनामूल्य करतो आणि ती विनामूल्य आहेत असे आधीच सांगतो. बाकी कामांचा दर, मुदत आणि दुरुस्त्या किती वेळा, हे लेखी ठरवतो. निम्मे पैसे आधी घेतो. जमलेल्या देणगीच्या टक्केवारीवर मात्र कधीच काम करत नाही. टक्केवारी घेतली की लेखणी आपोआप रडू लागते.

सुरुवात करणाऱ्या मुलींना आमचे सांगणे असे: युनिकोड टायपिंग शिका. जवळच्या दवाखान्यातले एखादे अवघड पत्रक घ्या आणि आपल्या अम्मीला समजेल असे पुन्हा लिहून पाहा. असे तीन-चार नमुने हाती असले की काम मागायला जाता येते. उत्पन्न दरमहा सारखे येत नाही, म्हणून पहिल्या वर्षी त्याच्यावर घरखर्च बेतू नका. ट्रस्टने कर कापला तर वर्षाअखेरीस विवरण भरा, जास्त कापलेले परत मिळते.

आणि एक कसोटी कायम जवळ ठेवा. मजकूर पूर्ण झाला की ज्याच्याविषयी लिहिला त्याला तो वाचून दाखवा. त्या शिवणकाम करणाऱ्या बाईंना आम्ही आमचा मजकूर वाचून दाखवला होता. त्यांनी एकच बदल सुचवला: “मुलीला बारावीत किती टक्के मिळाले, तेही लिहा.” ट्रस्टच्या कच्च्या मजकुराचा कागदही आमच्या पिशवीत होता. तो आम्हाला त्यांच्यासमोर काढता आला नाही. जो मजकूर त्या माणसासमोर वाचता येत नाही, तो चार हजार लोकांना पाठवण्यासारखाही नसतो.